स्थलांतर, उचल आणि आपले दारिद्र्य

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी बोललेल्या वक्त्यांनी धम्माचे विवेचन केले. आमच्या वाट्याला विषय आला तो ग्रामीण कुटुंबांच्या स्थलांतराचा. आम्ही बँकेतले कारकून, कला शाखेचे पदवीधर. अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. तेव्हा विषय स्वीकारताना थोडे दडपणच आले होते. पण वर्षावास हा शब्द मनात घोळत राहिला आणि त्यातूनच विषयाची वाट सापडली.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आणि मग पुन्हा चारिकेला निघावे, असा तथागतांचा दंडक. आपल्या नाशिक जिल्ह्यातला भूमिहीन आणि अल्पभूधारक मजूरही नेमका हाच वर्षावास पाळत असतो. आषाढात तो गावी असतो. श्रावण-भाद्रपदात दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या एकरभर रानात राबतो. आश्विन सरला, की चूल, पत्र्याची पेटी, दोन शेळ्या आणि लेकरे गाडीत टाकून निघतो. फरक एवढाच, की भिक्खू निघतात ते कोणाचे काही देणे न ठेवता, आणि आपला माणूस निघतो तो डोक्यावर उचल घेऊन. आज आम्हांला जे सांगायचे आहे ते या एका फरकाभोवतीच आहे.

स्थलांतराने दारिद्र्य हटते का वाढते, असा प्रश्न निबंध स्पर्धेत नेहमी येतो आणि विद्यार्थी दोन्ही बाजूंचे पाच-पाच मुद्दे लिहून मोकळे होतात. आमच्या मते प्रश्नच जरा चुकीचा मांडला जातो. माणूस गाव सोडतो की नाही, याने काही ठरत नाही. तो कर्ज फेडायला जातो आहे की मजुरी मिळवायला जातो आहे, याने ठरते.

प्रथम आपल्याच घरचे पाहू. या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी मूळची नाशिक शहरातली किती? हात वर करायला सांगितले तर फार थोडे वर होतील. कोणाचे आजोबा नाशिकरोडच्या छापखान्यात लागले, कोणाचे देवळाली कॅम्पात, कोणाचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात, कोणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कोणी सातपूर-अंबडला. मनमाड आणि इगतपुरी ही तर रेल्वेची गावे. आमचे वडील नांदगाव तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि पुढे नाशिकला येऊन आधी बदली व मग कायम कामगार झाले. म्हणजे आपण सारे स्थलांतरितांचीच लेकरे आहोत. आज नाक्यावर उभ्या असलेल्या मजुरांकडे पाहून आपल्यातले काही जण मोटारसायकलचा वेग वाढवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणि त्या स्थलांतराने दारिद्र्य निश्चित हटले. गावात काय होते? वतन होते. महार वतन म्हणजे सगळ्या गावाची आणि सरकारची वेठ, आणि मोबदला म्हणून बलुते आणि तुकडाभर इनाम जमीन. प. पू. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. त्याआधी ज्याने गाव सोडून गिरणीची किंवा रेल्वेची वाट धरली, त्याने स्वतःपुरते वतन आधीच मोडले होते. शहरातही अस्पृश्यता होतीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या लोकांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागे आणि त्याला विटाळ होई, हे कारण! तरीही महिन्याला रोख पगार होता आणि तो देताना कोणी वरून भाकरी टाकत नव्हते.

बाबासाहेबांनी १९१८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा, असे त्या वेळचे तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांनी दाखवले, की दुखणे नुसत्या तुकड्यांचे नाही. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, हातांना काम नाही, आणि हा भार उद्योगधंद्यांनी उचलल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही. एका अर्थाने तो स्थलांतराचाच पुरस्कार होता. पण कशा प्रकारच्या? फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. नुसते गाव सोडून भागत नाही, जिथे जाल तिथेही संघटित हक्क लागतो, हा त्याचा अर्थ.

आपल्या वडिलांना तो हक्क मिळाला. हजेरीपटावर त्यांचे नाव होते. पगाराची चिठ्ठी होती. तिच्यावर सोसायटीचे कर्ज मिळाले, भविष्य निर्वाह निधी कापला गेला, आणि मुख्य म्हणजे आपण एकाच शाळेत पहिली ते दहावी शिकलो. आम्ही बँकेत आहोत ते आमच्या हुशारीमुळे कमी आणि त्या हजेरीपटामुळे जास्त, असे आम्ही प्रामाणिकपणे मानतो.

आता आजचा स्थलांतरित पाहा.

जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुके. पाऊस असा की छत्री टिकत नाही, आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बायका दरीत उतरतात. पीक एकच, पावसाळ्याचे: भात, नागली, वरई. दिवाळीनंतर रानात काम नसते. मग माणसे निघतात. आपण त्याला स्थलांतर म्हणतो. ते म्हणतात 'जगायला जातो'. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीपासून काढणीपर्यंत हीच माणसे असतात. गिरणारे गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. घासाघीस होते आणि मजूर गाडीत चढतात. छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणे, विरळणी, घड औषधात बुडवणे, ही सगळी कौशल्याची कामे. एकरावर उक्ते ठरवून टोळी काम घेते. टोळीचा पुढारी पुष्कळदा त्यांच्यातलाच, पाड्यावरचाच असतो. गाव एस.टी.च्या एका प्रवासावर. आठवड्याला हिशोब, आणि शिमग्याला माणूस घरी.

यात त्रास नाही असे नाही. बागेच्या कडेला शेडमध्ये राहायचे, फवारणीच्या वासातच लेकरू झोळीत झोपायचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने बागा झोपल्या, तेव्हा तलाठी पंचनाम्याला आले. पंचनाम्यात बाग आली, गट नंबर आला, बागायतदाराचे नाव आले. तो बिचारा कर्जात बुडालेलाच होता. त्याला मदत मिळाली यात आमचे काही म्हणणे नाही. पण त्याच गारेने ज्यांची पुढची दीड महिन्याची काढणी गेली, त्यांच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. असे असूनही आमचे निरीक्षण असे, की द्राक्षबागेचे स्थलांतर घराला थोडे तरी वर उचलते. पेठ भागातल्या बाया फेब्रुवारी-मार्चमध्ये पदराच्या गाठीतून नोटा काढून खात्यावर भरतात, ते आम्ही काउंटरच्या आतून पाहिले आहे. रक्कम मोठी नसते. पण ती भरणा स्लिप असते.

उलट दिशेने पाहा. नांदगाव, येवला हे अवर्षणाचे तालुके, खाली मराठवाड्यातले बीड. इथून माणूस उसाला जातो. आपल्या समाजाची, वंजारी, बंजारा, भिल्ल अशा सगळ्या गरीब जातींची कुटुंबे यात आहेत. ऊसतोडीची भाषाच सगळे सांगते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. माणसाची मोजणी हत्याराने! कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम. कारखान्याचा किंवा वाहतूकदाराचा करार मुकादमाशी, मजुराशी नाही. मुकादम पोळ्याच्या सुमाराला, कधी त्याच्याही आधी, घरी येऊन रोख उचल देतो. लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे, नाहीतर मागची बाकी, यांत ती दसऱ्याच्या आत संपलेली असते. मग हंगामभर ती फेडायची.

एक हिशोब मांडून दाखवतो, कारण आकडेमोड हाच आमचा धंदा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. त्याआधी २०२० मध्ये वाढ झाली होती ती १४ टक्के. म्हणजे वाढ मिळालीच नाही असे कोणी म्हणू नये. संघटनांनी ती भांडून मिळवली. आता समजा, एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, सोलला, मोळ्या बांधल्या आणि गाडीत भरला. ७३२ रुपये झाले. हंगामात १२० दिवस काम लागले तर ८७,८४० रुपये. उचल समजा एक लाख. शिवाय पंधरवड्याला पीठमिठासाठी खर्ची १,५०० रुपये, आठ पंधरवड्यांची १२,००० रुपये. देणे १,१२,०००, कमाई ८७,८४०. कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा अंगावर बाकी २४,१६०. दोन माणसे चार महिने पहाटेच्या थंडीत राबली आणि हातात आले काय, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे येण्याची सक्ती. या हिशोबात आजारपण धरलेले नाही. कामावर न गेलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात आणि पुष्कळ टोळ्यांत त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो.

चांगल्या बैलजोडीचा, तीन टन तोडणारा कोयता संक्रांतीलाच उचल फेडून मोकळा होतो आणि गावी येऊन विहीर खोदतो, हेही खरे आहे. अशी घरे आम्हांला माहीत आहेत. उचलीचे लाख रुपये मुकादमाने वाऱ्यावर दिलेले नसतात, ते त्या घराने पावसाळ्यात खाल्लेले असतात, हेही खरे. आणि गावातच राहिले असते तर चार महिने कोणी काम दिले असते? म्हणून मुकादमाला नुसत्या शिव्या देऊन आमचे समाधान होत नाही. तो एक पोकळी भरतो. ती पोकळी आम्ही ज्या खुर्चीत बसतो तिथून नीट दिसते.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात एक गृहस्थ शाखेत आले. जनधनचे खाते, शिल्लक शंभराच्या आत. मुलीच्या ऑपरेशनसाठी वीस हजारांचे कर्ज मागत होते. साहेबांनी कागद मागितले: उतारा, पगाराची चिठ्ठी, जामीनदार, मागची उलाढाल. त्यांच्याकडे पंधरा वर्षे ऊस तोडल्याचा एकही कागद नव्हता. हजेरीपट नाही, पावती नाही. कारखान्याच्या वहीत मुकादमाचे नाव, यांचे नाही. आम्ही त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून पाणी दिले आणि समजूत घालू लागलो. ते शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमचं बी बरोबर हाय. तुमी कागद मागता. मुकादम कागद न्हाई मागत, मानूस मागतो." आणि उठून गेले. मुलीचे ऑपरेशन झाले असेल. कोणत्या पैशाने, ते सांगायला नको.

तथागतांनी ही साखळी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. अंगुत्तर निकायात इणसुत्त आहे. गृहस्थाला दारिद्र्य हे दुःख; दरिद्री माणूस कर्ज काढतो, ते दुःख; कर्जाला व्याज लागते, ते दुःख; मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. त्या सुत्तात हा दृष्टान्त म्हणून येतो, पण हंगामाच्या शेवटी बाकी ठेवून पळालेल्या मजुराला मुकादमाच्या माणसांनी गाठले, डांबून ठेवले, अशा बातम्या वाचताना तो दृष्टान्त वाटत नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे श्रम आणि हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य अडकवून ठेवणे, ही त्या कायद्याने वेठबिगारीच ठरते. उचलीला कोणी त्या नावाने हाक मारत नाही इतकेच.

आणि या बंधनाची सगळ्यांत मोठी किंमत बाई देते. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातले आकडे आले. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. कारणे अनेक सांगितली गेली, त्यांत खासगी डॉक्टरांचा लोभ होता. पण फडावर शौचालय नाही, न्हाणी नाही, वजन उचलणे चुकत नाही आणि पाळीच्या दिवसाचा खाडा परवडत नाही, ही जमीन त्या लोभाला आयती मिळाली. मुलीचे लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी का उरकतात, हे विचारू नका. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते.

उपासक बंधूंनो, दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकाविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी. आपण हे सुत्त विहारात नेहमी ऐकतो. कोप्यांच्या तळावर उभे राहून ही पाच कर्तव्ये मोजली, तर एक तरी पुरी निघेल का, हे ज्याचे त्याने पाहून यावे.

मुलांविषयी थोडेच सांगतो, कारण आपल्यातल्या शिक्षक मंडळींना ते जास्त माहीत आहे. दिवाळीनंतर वर्गातली पटसंख्या एकदम खाली येते. गेलेल्या मुलाला जिथे जाईल तिथे शाळेत घ्यावे म्हणून शिक्षण हमी पत्र निघाले. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना झाली. योजना चांगल्या आहेत. पण थोरली मुलगी फडावर धाकट्याला सांभाळते म्हणून आईचा कोयता चालतो, आणि आईचा कोयता चालतो म्हणून उचल फिटते. उचल आहे तोवर ती मुलगी हमी पत्र घेऊनही शाळेत जाणार नाही.

२०२० साली आपण सर्वांनी जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढच्या दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गावर, कसारा घाट चढून, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे नाशिकवरून उत्तरेकडे चालत निघाली. १ मे रोजी, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी, नाशिकरोड स्थानकावरून भोपाळकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. देशातल्या पहिल्या काही गाड्यांपैकी ती एक. आठच दिवसांत, ८ मे रोजी, करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले ते मजूर, मध्य प्रदेशात घरी जायला निघालेले. ही माणसे ज्या राज्यात राबत होती तिथे त्यांचे रेशनकार्ड चालत नव्हते आणि जिथे कार्ड होते तिथे ती नव्हती. आधारला जोडलेल्या एकाच कार्डावर देशभर धान्य मिळण्याची सोय त्या काळात वेगाने पसरली, ती हा धडा घेऊनच. आपल्या विद्यार्थ्यांना एक काम सांगावेसे वाटते. तुमच्या गावाकडच्या जाणाऱ्या घरांची कार्डे आधारला जोडलेली आहेत का, कुटुंबातली सगळी नावे त्यात आहेत का, हे सुटीत बघा. अर्धा तास लागतो. त्यावर चार महिन्यांचा गहू-तांदूळ अवलंबून असतो.

मग उपाय काय? एक उपाय गावातच काम. यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. ७२ च्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि त्याच्या कितीतरी वर्षांनंतर, २००५ साली, देशाने तसा कायदा केला. जिथे हमीचे काम दिवाळीनंतर लगेच निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तिथे माणसे थांबली. जिथे मजुरी दोन-दोन महिने रखडली, तिथे कशाला थांबतील? भुकेल्या माणसाला हमी नको असते, हप्ता हवा असतो, आणि मुकादम तो आधी देतो.

दुसरा उपाय जमीन. आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र, आंबे दिंडोरीचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा यासाठी. आम्ही दादासाहेबांना काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी आठवतो आणि जमिनीच्या सत्याग्रहासाठी विसरतो, हे बरे नाही. मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, तेव्हाही मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांचीच होती. नावावर दोन एकर असली आणि तिला पाणी मिळाले, तर माणूस भाजीपाल्यावर फेब्रुवारीपर्यंत तरी घरी राहतो. पण ही दोन्ही कामे सरकारची आणि चळवळीची. आपली संस्था त्यांत फार तर आवाज मिळवील.

संस्थेला स्वतःला करता येईल असे काय आहे, याचा विचार करताना आम्हांला बांगलादेशातला एक प्रयोग वाचायला मिळाला. त्यांच्या उत्तरेला रंगपूर भाग आहे. तिथे आश्विन-कार्तिकात, भात कापणीला येण्याआधी, दरवर्षी उपासमार होत असे. तिला ते 'मोंगा' म्हणतात. दिवस शहरात कामाला जाण्याचे, पण बसभाड्याला पैसे नाहीत, आणि काम मिळाले नाही तर भाडे वाया जाईल ही भीती. २००८ मध्ये संशोधकांनी काही भूमिहीन कुटुंबांना जाण्यासाठी सहाशे टाका दिले, काहींना देणगी म्हणून, काहींना कर्ज म्हणून. इतकेच. या पैशामुळे शंभरातली आणखी बावीस घरे कामाला बाहेर पडली, आणि जी पडली त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांचा खाण्यापिण्याचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पुढच्या वर्षी कोणी पैसे दिले नाहीत तरी त्यांतली पुष्कळ घरे पुन्हा गेली. सांगणे अर्धवट राहू नये म्हणून हेही सांगतो, की पुढे हा कार्यक्रम फार मोठ्या प्रमाणावर करायला गेले तेव्हा २०१७ मध्ये त्याचा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये तो बंद झाला. एका गावात, ओळखीच्या माणसांत जे होते ते लाखो घरांत होत नाही.

पण आपल्याला लाखो घरे करायचीच नाहीत. त्या सहाशे टाक्यांमध्ये आणि मुकादमाच्या लाखामध्ये आम्हांला आपला प्रश्न दिसला. दोन्ही रकमा माणूस घराबाहेर पडावा म्हणूनच दिलेल्या. पण पहिली घेणारा कुठेही जाऊ शकतो, आवडले नाही तर परतू शकतो. दुसरी घेणारा एकाच फडावर जातो.

आता जे बोलतो ते काहींना रुचणार नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. विहाराच्या संगमरवरी फरशीसाठी संस्थेकडे वर्गणी जमली आहे. फरशी व्हावी, आम्हीही वर्गणी दिली आहे. पण ती एक वर्ष पुढे ढकलावी आणि त्यातून आपल्या सभासदांचे ज्या दोन गावांत भाऊबंद आहेत, तिथल्या वीस घरांना प्रत्येकी दहा हजार रुपये बिनव्याजी, परतफेडीच्या बोलीवर द्यावेत, असे आमचे म्हणणे आहे. कोणी विचारील, दहा हजारांनी लाखाची उचल कशी टळेल? नाही टळणार. ज्याच्या अंगावर आधीच मोठी बाकी आहे त्याला आपण सोडवू शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दरवर्षी काही घरे पहिल्यांदाच उचल घेतात, आणि पहिली उचल लहान असते: एक दवाखाना, एक बी-बियाणे, एक दहावीची फी. ती घरे आपल्याला नावानिशी माहीत आहेत. त्यांना ती रक्कम मिळाली, तर ती माणसे बागेत जातील, गवंड्याच्या हाताखाली जातील, आठवड्याचा हिशोब घेतील आणि लेकरे आजीपाशी ठेवतील.

संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद परवा आम्हांला म्हणाले, "अरे, पैसे बुडतील." दादांचा अनुभव मोठा आहे, आणि त्यांचा आम्हांला आदर आहे. काही बुडतील. वीसांपैकी चार घरे परत करू शकणार नाहीत असे आम्ही आधीच धरले आहे. बँकेतही बुडतात, आणि ते बुडवणारे पेठचे नसतात! बिनव्याजी असल्याने ही सावकारी होत नाही. वही आम्ही लिहू, पावत्या फाडू, शिमग्यानंतर गावी जाऊन वसुलीही करू. प्रत्येक घराची एक साधी नोंद ठेवू: कोण कुठे गेले, किती दिवस काम लागले, किती मजुरी मिळाली. पुढच्या वेळी त्यांच्यातला कोणी बँकेच्या दारात उभा राहिला तर त्याच्या हातात दाखवायला निदान एक कागद असेल.

पोळ्याला अजून सतरा दिवस आहेत. मुकादम गावात फिरू लागले आहेत, असा आमच्या चुलतभावाचा परवाच फोन होता. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात आहे आणि हा विषय पत्रिकेत घ्यावा असे पत्र आम्ही सचिवांना दिले आहे. दोन्ही गावांची मिळून सत्तावीस नावांची यादी तयार आहे. त्यातली वीस कोणती, हे ठरवायला त्या गावांतले सभासद बैठकीला हजर लागतील.

जयभीम!